जाळीच्या दारामागच्या दातआजी

समोरचं दार सताड उघडं होतं. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. मी ओल्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला म्हणून माझं दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. गेलं दीड वर्ष ते दार या वेळेला असं कधी दिसलंच नव्हतं. आतलं लाकडी दार किलकिलं, त्याच्यापुढे लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर आणि त्याला बाहेरून कुलूप... हे दृश्य इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुलूप नसलेलं दार म्हणजे भिंतीला भगदाड पडल्यासारखं वाटलं. पहिला विचार मनात आला तो हा, की निसटल्या! आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पाठमोऱ्या दिसतात का ते बघायला मी जिन्याच्या कठड्यावरून खाली डोकावलेसुद्धा. मग चपलांकडे लक्ष गेलं. सुहासचे बूट, त्याच्या बायकोच्या चपला आणि एक अनोळखी काळे बूट, डॉक्टरांचे असतात तसे. तेवढ्यात सुहास बाहेर आला. "मावशी, आई सकाळी उठलीच नाही हो," एवढंच म्हणाला. मी आत गेले. डबा हातातच होता, हे मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. डॉक्टर शैलजांच्या अखेरच्या दर्शनाला मी केळ्याच्या सालींसकट गेले. त्या बोलू शकत्या तर म्हणाल्या असत्या, "मालतीबाई, हार मिळाला नाही वाटतं?"

आमची ओळख झाली तेव्हा मी पंचविशीची होते, दोन मुलांची आई होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत होती. तेव्हाच्या फोटोत बघते ना स्वतःला... बाहीला झालर, केसांचा फुगा आणि चेहऱ्यावर 'विचारा काय विचारायचं ते' असा भाव. अशी ही विदुषी दाताच्या डॉक्टरला मात्र वाघाला घाबरावं तशी घाबरत असे. बिबवेवाडीतल्या आमच्या या इमारतीत, अगदी समोरच्या दारी, डॉक्टर शैलजा नुकत्या राहायला आल्या होत्या. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर. कोपऱ्यावरच त्यांचा दवाखाना होता. आणि नेमकी तेव्हाच माझी दाढ ठणकू लागली. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, गालाला रुमाल बांधून झाला. समोरचं दार वाजवणं सोडून सगळं करून झालं. शेवटी वाजवलं, तेही निमित्त काढून. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण! त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती मला दिसलीच नाही. माझं सगळं जग तेव्हा एका दाढेत मावलं होतं. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी हळदीकुंकवाला जात नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तुमचा डावा गाल माझ्याकडे आलेला दिसतोय. त्याला आत येऊ द्या." मी म्हणाले, "छे छे, पान आहे तोंडात." भर दुपारी, अनवाणी, डोळ्यांत पाणी, आणि म्हणे पान! त्यांनी "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं. दाढ शेवटी नवऱ्यानं मला स्कूटरवर बसवून लांबच्या कुठल्याशा दवाखान्यात नेऊन काढवली. आमच्या मैत्रीची ही सुरुवात. पुढे भाजी आणायला एकत्र निघालो, की त्या हटकून विचारायच्या, "आज पान नाही का?"

माझ्या मुलांचे दात मात्र त्यांच्या ताब्यात गेले ते उन्हाळ्यामुळे. मे महिना म्हणजे तेव्हा घरात माझी दोन, नणंदांची तीन अशी मुलं, बाहेर फुफाटा, खिडक्यांना ओले पंचे आणि अकरा ते पाच सगळी आत कोंडलेली. मी त्या तुरुंगाची जेलर, आणि मलाही रजा नाही. कोंडलेल्या मुलांना गप्प ठेवायचं एकच औषध मला ठाऊक होतं, ते म्हणजे तोंडात काहीतरी कोंबणं. मी फ्रीजच्या ट्रेमध्ये गुलाबाच्या सरबताचे खडे करायचे. एक खडा चोखून संपला की दुसरा. घर कसं शांत! मला वाटायचं, काय ही माझी हुशारी, मासिकाला लिहून पाठवावं. एका मेमध्ये धाकट्याच्या दाढेला काळा ठिपका दिसला. डॉक्टर जिन्यात भेटल्या तेव्हा मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "दुधाचेच आहेत, पडतीलच आता. भाड्याच्या घराला कोणी रंग देतं का?" त्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या, त्या परत वर आल्या. "रंग देत नाहीत," म्हणाल्या, "पण छप्पर गळत असेल तर दुरुस्त करतात. त्याला अजून चार-पाच वर्षं राहायचंय त्या घरात. आणि मागून येणाऱ्या दाताची जागा हाच दात धरून ठेवतो. हा आधीच गेला तर तो येईल वाट्टेल तिथून. मग म्हणाल, डॉक्टर, वाकडे आले." त्याच संध्याकाळी धाकटा दवाखान्यात गेला. मी बाहेर बाकावर बसले, कानांत बोटं घालून. आतून रडणं नाही, हसणं ऐकू येत होतं, त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटली.

त्यांनी काही बंद केलं असतं तर आम्ही चोरून खाल्लं असतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी बंदी घातलीच नाही, तह केला. आमरस खा, गोळा खा, सरबत प्या, पण जेवणाबरोबर, एका बैठकीत. दिवसभर चोखत, घुटके घेत बसायचं नाही. "शाळेला सुट्टी असते, तशी दातांनाही लागते," असं त्या मुलांना सांगायच्या, "तुम्ही दिवसभर गोड चोखत बसलात तर त्यांना सुट्टी कधी?" खाऊन झालं की चूळ. रात्री घासले की मग फक्त पाणी. यातलं मला सगळं पटलं आणि मग मी जी काही सुधारले, की विचारू नका. नव्यानं दीक्षा घेतलेल्या माणसासारखी मी मुलांच्या मागे ब्रश घेऊन धावू लागले. कैरीची फोड खाल्ली की ब्रश, लिंबू सरबत प्यायलं की ब्रश. मुलं कैरीला घाबरू लागली. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा त्या माझ्या दारात आल्या. "अहो, आंबट खाल्ल्यावर दात जरा हळवे झालेले असतात. त्यावर लगेच घासता? झिजवून टाकाल की. नुसती चूळ भरायची, अर्धा तास जाऊ द्यायचा." मी म्हणाले, "मग तुम्हीच बघा रोज." आणि खरंच, त्या दिवसापासून त्या बघू लागल्या. दर मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता इमारतीतली सगळी मुलं जिन्यावर बसायची, एका पायरीवर एक. डॉक्टर टॉर्च घेऊन वरून खाली उतरत यायच्या. "आ कर, राजा." एवढंच. ज्याच्या दाढेत आंब्याचा केसर सापडे त्याची सगळ्यांसमोर थट्टा व्हायची आणि त्याला सगळ्यांसमोर चूळ भरायला लागायची. मुलं त्यांना दातआजी म्हणू लागली, तेव्हा त्यांचे केससुद्धा पांढरे झाले नव्हते. या जिन्यावर माझी मुलं मोठी झाली, मग त्यांची मुलं येऊन बसू लागली, आणि हजेरी चालूच राहिली.

दवाखाना बंद केल्यावर वर्षभरानं त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. यजमान आधीच गेले होते. सुहास, त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि त्याची बायको दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ते दिवेलागणीला परत. एके दुपारी डॉक्टर घरातून बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावर गेल्या. त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथे त्या आत जाऊन उभ्या राहिल्या आणि एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आ करा." तो बिचारा घाबरून आ करता झाला! दुकानदारानं ओळखलं म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी मात्र त्या पार मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर उभ्या सापडल्या, दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि पाय चटके बसून लाल झाले होते. त्यानंतर ते कुलूप आलं. सकाळी कामाच्या बाई गेल्यापासून सुहास येईपर्यंत डॉक्टर आत, कुलूप बाहेर. गॅस बंद, सुऱ्या कपाटात, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर एक अंड्याएवढा पांढरा कॅमेरा. त्यातून सुहास हिंजवडीहून बघायचा आणि बोलायचासुद्धा. "आई, गॅलरीकडे नको जाऊस." डॉक्टर भिंतीकडे बघून म्हणायच्या, "कोण आहे? असं बाहेरून काय बोलता, आत या." तिकडून पोरगा सांगायचा, "आई, मी सुहास." तो वाईट नव्हता हो. नोकरी सोडता येत नव्हती, दिवसभराची बाई टिकत नव्हती, आणि रस्त्यावर आई मरेल ही भीती त्याला झोपू देत नव्हती. मी तरी काय वेगळं केलं असतं?

हडपसरच्या पुढे अशा माणसांना सांभाळणारी एक जागा त्यानं बघून ठेवली होती. "अजून एकदा काही झालं, मावशी, की मग तिकडेच," त्यानं मला सांगितलं होतं. मला घेऊन तो ती जागा दाखवायलाही गेला. बाग होती, कडुलिंब होते, फाटक लांब होतं, माणसं इकडून तिकडे आपल्या नादात फिरत होती. मी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. पडद्यांचा रंग वाईट. वरणाला वास नाही. कडुलिंबाखाली मुंग्या असणार. मला त्या समोरच हव्या होत्या, बस. चाळीस वर्षं ज्या दारावर थाप मारली ते दार कुलपासकट चाललं असतं, पण रिकामं नको होतं. म्हणून मी त्यांची राखणदार झाले. 'काही होऊ' द्यायचं नाही, एवढंच माझं काम. घराची जादा किल्ली मात्र मी सुहासला परत दिली. डॉक्टर जाळीतून इतक्या अदबीनं विचारायच्या, "मालतीबाई, जरा उघडता का? पेशंट खोळंबलेत," की किल्ली माझ्याकडे असती तर मी दुसऱ्याच दिवशी उघडलं असतं. हे मला ठाऊक होतं, आणि माझ्याहून जास्त सुहासला. मग ती किल्ली पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे गेली. अत्यंत विश्वासू गृहस्थ.

गेल्या मे महिन्यात माझी नातवंडं सुट्टीला आली. अर्णव नऊ वर्षांचा, ईरा सहाची. सूनबाईचा फोनवर दिवसातून तीनदा निरोप, की उन्हात सोडू नका, स्क्रीन देऊ नका, साखर देऊ नका. म्हणजे काय द्यायचं ते सांगा बाई! पुन्हा तेच फुफाटे, तीच दुपार, तीच मी. वयानं आलेली गुडघेदुखी तेवढी नवीन. जिना हेच आमचं अंगण, कारण तिथे सावली असते आणि फरशी थंड असते. आणि जिन्यात आम्ही बाहेर, डॉक्टर आत, मध्ये जाळी. पहिल्याच दिवशी पाच वाजता मी मुलांना त्या दारापुढे उभं केलं. म्हटलं, बघूया. डॉक्टर आल्या, त्यांनी दोघांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग ईरानं जाळीला नाक लावून "आ" केलं... आणि काय सांगू, त्यांचा चेहराच बदलला. टॉर्च कुठून आणला देव जाणे. जाळीच्या एका चौकटीतून उजेड बाहेर, दुसऱ्या चौकटीतून डोळा. "खालचे पुढचे दोन हलतायत. हलवू दे तिला, बोट मात्र धुतलेलं हवं." मग अर्णवला, "वरचे पुढचे पूर्ण आले की. गेल्या उन्हाळ्यात अर्धे होते." नाव विचारलं तर सांगता आलं नसतं, दात बरोबर ओळखले. त्या दिवसापासून इमारतीतली बाकीची मुलंही यायला लागली. तुरुंगात भेटीची वेळ असते ना, तशी आमची पाचची वेळ झाली. फरक इतकाच, की तोंड बाहेरच्यांनी उघडायचं. मुलं गेली की त्या जाळी धरून उभ्या राहायच्या, आणि माझ्याकडे बघत म्हणायच्या, "तुम्हालाही सोडत नाहीत का हो हे लोक?" मी म्हणायचे, "नाही ना. मुलं आहेत, कुकर आहे." त्या मान हलवायच्या. एका कोंडलेल्या बाईला दुसरीचं कळतं.

आणि मग जे होऊ द्यायचं नव्हतं ते झालं. दुपार होती. अर्णव कठड्यावरून घसरत खाली येत होता, नको म्हटलेलं असताना. हात सुटला आणि तो तोंडावर आपटला, डॉक्टरांच्या दारासमोरच. उठला तेव्हा तोंडभर रक्त, आणि वरचा पुढचा एक दात नव्हताच. तो ईराला पायरीवर सापडला. तिनं तो उचलला, आणि शहाणी पोर आपल्या फ्रॉकला पुसायला लागली. "पुसू नकोस!" जाळीमागून आवाज आला. असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दवाखान्यातला. "मुळाला हात लावायचा नाही. चकचकीत बाजूनं धर. मालतीबाई, वाटीत दूध आणा, थंड." मी धावले. दूध आणलं, दात दुधात टाकला. मग ईराला किल्लीसाठी पहिल्या मजल्यावर पिटाळलं. ती धापा टाकत परत आली. "आजी, बेल वाजतच नाही!" वाजेल कशी? आमचे सेक्रेटरी जेवल्यापासून चहापर्यंत झोपतात आणि झोपमोड नको म्हणून घंटीचं बटणच बंद करून ठेवतात. दार बडवलं तरी उठायचे नाहीत, कारण उठायचं नाही हे त्यांचं तत्त्व आहे. चाळीस वर्षं आम्ही सगळे या तत्त्वाचा आदर करत आलो होतो, इतका, की अडीअडचणीची किल्ली त्यांच्याकडे ठेवताना एकाच्याही डोक्यात दुपार आली नाही.

"त्याला इथे आणा," डॉक्टर म्हणाल्या. मी अर्णवला जाळीला टेकवून उभं केलं. "डॉक्टर, रिक्षानं नेते ना दवाखान्यात." "न्या. पण आधी बसवा. जितका वेळ बाहेर राहील तितका तो मरतो. दुधाचा असता तर मी बसवू दिला नसता, हा पक्का आहे, आयुष्यभराचा." मी दात दुधातून उचलला. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून पळाले ती माझ्या चिमटीत होती, लांब, पिवळट मूळ असलेली. दात इतका मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं. "मला नाही जमणार हो." "तुम्हाला जमायची गरज नाही," त्या म्हणाल्या, "दाताला त्याची जागा माहीत आहे. तुम्ही नुसती वाट दाखवा." आणि त्यांनी जाळीतून बोटं बाहेर काढली, प्रत्येक चौकटीतून एक, आणि अर्णवची हनुवटी खालून धरली. "आ कर, राजा. वर बघ, पंखा दिसतो का माझा?" तेवढ्यात भिंतीवरून सुहासचा आवाज. "मावशी, काय चाललंय? रक्त कसलं? आई, तू मागे हो आधी!" डॉक्टरांनी मान वळवलीसुद्धा नाही. "आपण बाहेर बाकावर बसा. आत पेशंट आहे." भिंत गप्प झाली. "आता, मालतीबाई. सरळ. दाबा... अजून थोडं... घाबरता काय, शेजारच्या दाताच्या बरोबरीला येऊ दे... हां." काहीतरी खटकन बसल्यासारखं माझ्या बोटांना जाणवलं. "आता रुमाल चावायला द्या आणि पळा."

कोपऱ्यापलीकडच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तो दात शेजारच्या दातांना तारेनं बांधला. "बसवला कोणी हा? छान बसवलाय," तिनं विचारलं. मी म्हटलं, "आमच्या डॉक्टरांनी." माझं नाव सांगायचा मोह मी आवरला. आयुष्यात एवढा मोठेपणा मी पहिल्यांदाच दाखवला, तोही तोंडाला कोरड पडली होती म्हणून. परत आलो तेव्हा डॉक्टर जाळीशीच होत्या. अर्णवकडे बघून म्हणाल्या, "हा कोण?" "माझा नातू." "दात चांगले आहेत हो याचे," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

सुहास त्या दिवशी लवकर निघाला, तरी हिंजवडीच्या कोंडीनं त्याला संध्याकाळच केली. मी जिन्यातच बसून होते. 'अजून एकदा काही झालं' यात हे बसतं की नाही, दुपारभर याच हिशेबात होते. बाजू मांडायची तयारी केली होती. दार बंदच होतं, त्या बाहेर आल्याच नाहीत, चूक असलीच तर माझ्या कारट्याची. तो वर आला, माझ्या शेजारी पायरीवर बसला, बूटसुद्धा न काढता. "हडपसरला फोन केला मी, मावशी," म्हणाला. "सांगून टाकलं, की जागा नको." त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "मला तिनं बाकावर बसवलं. लहानपणी दवाखान्यात गेलो, की असंच बसवायची." मी पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं. मी जिंकले होते. त्या समोरच राहणार होत्या.

समोरच राहिल्या. पुढचे दहा महिने. शाळा सुरू झाल्या, मुलं आपापल्या घरी गेली, पाच वाजायचे आणि जाळीपुढे कोणी नसायचं. काही दिवस त्या टॉर्च घेऊन उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, "आज पेशंट नाहीत." "बरं," म्हणायच्या. दिवाळीनंतर त्या जाळीपर्यंत यायच्याच बंद झाल्या. मी हाक मारायचे, आतून ओ यायची नाही, मग कॅमेऱ्यातून सुहास सांगायचा, "आहे, मावशी, आतल्या खोलीत आहे." समोरासमोर दोन दारं, आणि शेजारणीची खबर मला हिंजवडीहून यायची. तेव्हा मला ती बाग आठवू लागली. मी नावं ठेवलेली. लांबचं फाटक, मुंग्यांचे कडुलिंब, आपल्या नादात फिरणारी माणसं... मी काय जिंकलं होतं? मी बाजू घेतली ती त्यांची की कुलपाची? याचं उत्तर ज्या देऊ शकल्या असत्या त्या प्रश्न ऐकू शकत नव्हत्या, आणि आता तर नाहीतच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, लोक पांगले. परवा सुहासनं मला हाक मारली. आतल्या खोलीत दवाखान्यातली खुर्ची आहे. दवाखाना मोडला तेव्हा त्यांनी ती विकू दिली नव्हती. सुटी करून वर आणवली आणि पुन्हा जोडून घेतली. शेवटचे महिने त्या दिवसभर तिच्यातच पडून असत, हे मला त्यानं परवाच सांगितलं. "न्यायला माणूस यायचाय. तुम्ही एकदा बघून घ्या, म्हटलं." मोरपंखी रंगाचं रेक्झिन, हातांवर घासून पांढरं पडलेलं. चाळीस वर्षांत मी या खुर्चीत बसले नव्हते, कधी पानाचं निमित्त, कधी कुकरचं. बसले. सुहासनं कडेचा दांडा दाबला, पाठ हळूहळू मागे गेली, वर पंखा दिसू लागला. आणि डोकं टेकलं तसं, कोणीही सांगितलेलं नसताना, माझं तोंड आपोआप उघडलं.

सुहास पायथ्याशी उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, खरं सांगा. तिकडे नेलं असतं तर... फिरली असती का हो ती त्या बागेत?"

दाताच्या खुर्चीत उघड्या तोंडानं बोलता येत नाही, हे डॉक्टरच्या मुलाला सांगायला नको. तरी तो वाट बघत थांबला. मी पंख्याकडे बघत राहिले, आणि तोंड मिटलं नाही.